घरापुरत्या सणाच्या रीती: काय ठेवावे, काय सोडावे?

तुळशीवृंदावन

नमस्कार. दिवाळी महिन्यावर आली आहे आणि काय घरी करायचे, काय विकत आणायचे व काय यंदापासून सोडून द्यायचे याची बोलणी आमच्या घरी सुरू झाली आहेत. सासूबाई होत्या तोवर हा प्रश्न कधी उद्भवला नाही. सांगलीच्या घरी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा सगळा क्रम त्यांच्या हातात असे आणि आम्ही सुना, मुले, जावई त्यांनी सांगितलेल्या कामाला लागत असू. त्यांना जाऊन आता काही वर्षे झाली, ते घर विकले गेले, धाकटे दीर बंगळुरूला स्थायिक झाले आणि आम्ही चौघे व ऐंशी ओलांडलेले सासरे पुण्यातल्या सदनिकेत राहतो. फराळ एका बचत गटाकडून येतो. तो चांगला असतो, चकल्या तर माझ्या हातच्यापेक्षा खुसखुशीत असतात, आणि तो विकत घेण्याची मला खंतही वाटत नाही.

अडचण निराळी आहे. गेल्या दिवाळीत डबे उघडल्यावर मुलीने विचारले, "यात हसलेले अनारसे का नाहीत?" ज्यांच्याकडे अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पिठात गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल झाले, की तुपात सोडलेला अनारसा फुलण्याऐवजी विरघळून पसरतो आणि त्याचा चुरा होतो. तेव्हा अनारसा हसला असे म्हणतात. नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही हा सासूबाईंचा कडक नियम होता, पण हसलेला अनारसा नैवेद्याच्या ताटात ठेवण्याजोगा नसल्यामुळे तो या नियमातून आपोआप सुटत असे. त्या तो झाऱ्याने निथळून एका पितळी वाटीत काढत आणि ती वाटी मुलांची असे. मुले उंबऱ्याशी बसून अनारसे हसण्याची वाट पाहत. शेवटचे काही अनारसे त्या मुद्दाम हसवत असाव्यात अशी मला पुढेपुढे शंका येऊ लागली होती. विकतच्या डब्यातले सगळे अनारसे अर्थातच अखंड, एकसारखे आणि जाळीदार असतात.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आमच्याकडे होईलच, कारण ते पंचांगात आहे आणि शेजारीपाजारीही करतात. मात्र ज्या गोष्टी कोणत्याही पोथीत नाहीत, एकाच घरात होत्या आणि करणारे माणूस गेले की बंद पडतात, त्यांचे काय करावे हे मला ठरवता येत नाही. आपल्या घरी अशा कोणत्या रीती टिकल्या, त्या कशामुळे टिकल्या, आणि एखादी नवी रीत ठरवून सुरू केली तर ती खरोखर रुजते का, हे अनुभवातून सांगावे ही विनंती.

चावदिस

ताई, आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. माझ्या नावावरून जिल्हा ओळखणारे ओळखतीलच, कारण नरकचतुर्दशीला चावदिस म्हणणारे आम्हीच. आमच्याकडे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, "गोविंदा, गोविंदा" म्हणायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. कारीट म्हणजे नरकासुर, हे लहानपणापासून ऐकलेले. त्यानंतर पोहे. भातकापणी नुकतीच झालेली असल्यामुळे हे पोहे नव्या भाताचे असत. गोडे, तिखट, दुधातले, दह्यातले, ताकातले असे प्रकार एकाच सकाळी होत आणि वाडीतल्या एका घरचे संपवून दुसऱ्या घरी जाण्यात दुपार उजाडे. गोव्यातही या दिवशी पोह्यांचाच थाट असतो, फक्त तिथे आदल्या रात्री नरकासुराचे भले मोठे पुतळे फिरवून पहाटे जाळतात.

हे झाले सगळ्या मुलखाचे. आपण घरापुरते विचारले आहे. आमच्या आजोबांनी त्यात एक भर घातली होती: कारिटाचा रस चाखताना ज्याचे तोंड वाकडे होणार नाही त्याला गोड्या पोह्यांची पहिली बशी. निकाल आजोबा देत आणि तो नेहमी सर्वांत लहान मुलाच्या बाजूने लागे, मग त्या मुलाने कितीही तोंड वेंगाडलेले असो. आता आम्ही डोंबिवलीत आहोत. तुळस खिडकीच्या जाळीत आहे, कारिटे दादरच्या बाजारातून आणावी लागतात, ताकातले पोहे माझ्याशिवाय कुणाला आवडत नाहीत म्हणून बंद झाले आणि वाडी तर उरलीच नाही. ही तोंड न वाकडे करण्याची शर्यत मात्र एका वर्षीही चुकलेली नाही. निकाल आता माझे वडील देतात आणि आजोबांइतकाच पक्षपात करतात.

ती का टिकली, याचे माझे उत्तर अगदी व्यवहारी आहे. तिला पैसे लागत नाहीत, जागा लागत नाही, चार मिनिटांत ती उरकते आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाला त्यात सर्वांत महत्त्वाचे काम असते. ज्या रीतीत मुलांना नुसते बसून पाहायचे असते त्या आमच्याकडे एकेक करून गळाल्या.

स्पष्टवक्ती

सर्वांच्या आठवणी गोड आहेत आणि मला त्यात मीठ टाकायचे नाही, तरीही एक गोष्ट कुणीतरी बोलायला हवी. माझी आई नरकचतुर्दशीला साडेतीनला उठून बंब पेटवायची. तेल कोमट करायचे, उटणे भिजवायचे, एकेकाला हाका मारून उठवायचे, पाठीला तेल-उटणे लावायचे, दुसरा तांब्या अंगावर घेताना बाहेर फुलबाजी लावायची, ओवाळायचे, लगेच फराळाची ताटे करायची, हे सारे तिच्याकडे. सूर्योदयानंतर न्हाणारा नरकात जातो असे आम्हाला दरवर्षी बजावणारी आई स्वतः दरवर्षी सूर्योदयानंतरच न्हायची, कारण तोपर्यंत बंबातले पाणी तिच्या वाट्याला येतच नसे. आम्हा भावंडांना त्या पहाटेची आठवण फार सुखाची आहे. आईला तीच पहाट कशी आठवते, हे मी तिला बऱ्याच उशिरा, स्वतःचा संसार सुरू झाल्यावर विचारले. तिचे उत्तर होते, "पाय दुखायचे."

म्हणून माझ्या घरी आम्ही नियम बदलला. सर्वांत आधी नवरा उठतो आणि न्हातो. जो न्हाऊन येईल त्याने पुढच्याला तेल लावायचे, त्याने त्याच्या पुढच्याला. मी मधे कुठेतरी असते आणि मला तेल माझा मुलगा लावतो. सुरुवातीला तो लाजायचा, आता खांद्याच्या गाठी शोधून काढतो. ओवाळायलाही प्रत्येकाने पुढच्याला ओवाळायचे. माझ्या सासूबाईंना हे पहिल्यांदा विचित्र वाटले होते, पण त्यांच्या पाठीला नातवाने तेल लावल्यावर त्यांची हरकत मावळली.

तुळशीवृंदावन, आपल्या अनारशांची गोष्ट मला फार आवडली. तरीही मी आपल्याला एवढेच विचारीन की ती पितळी वाटी परत आणायची तर तुपाच्या कढईपुढे तीन तास कोण उभे राहणार? उत्तर "मीच" असेल तर थोडे थांबा. सासऱ्यांना विचारलेत का? त्या घरात अनारशांच्या वेळी ते काय करत असत?

अभ्यासिका

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे या विषयावर काय लिहिले गेले आहे ते थोडक्यात सांगते. थोडक्यात अशासाठी की सणातून मिळणाऱ्या दिलाशाबद्दल संशोधन सांगायला लागले की सण राहतो बाजूला.

स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ च्या एका लेखात कुटुंबातल्या रीतींचे तीन गट केले. सगळा समाज साजरे करतो ते सण, एकेका कुटुंबाचे खास प्रसंग, आणि रोजचे जेवण किंवा मुलांना झोपवणे यांसारखे ठरून गेलेले वागणे. आपला हसलेला अनारसा पहिल्या गटाच्या पोटात दडलेला दुसऱ्या गटाचा नमुना आहे, आणि सणाची ऊब बहुधा याच जागी असते असे माझे मत आहे. समाजाचा सण सगळ्यांचा असतो, पण त्यातली आपली खोड दाखवून मूल म्हणू शकते की आमच्याकडे असे करतात.

त्याआधी, १९८० मध्ये, याच अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आई किंवा वडील दारूच्या आहारी गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. ज्या घरांत व्यसनाच्या ऐन काळातही रात्रीचे जेवण, सण, सुट्ट्या यांच्या रीती मोडल्या नाहीत, त्या घरांतल्या मुलांमध्ये व्यसन पुढे जाण्याचे प्रमाण कमी आढळले. यावरून "रीती पाळा, मुले सुधारतील" असे कुणी म्हणू नये, कारण ज्या घरात रीत टिकवण्याइतका जीव शिल्लक होता तिथे आणखीही बरेच काही शिल्लक असणार. बार्बरा फीसे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातला एक भेद येथे उपयोगी पडेल. नुसती सवय मोडली तर गैरसोय होते, पण रीत मोडली तर घरातले कुणीतरी हरवल्यासारखे वाटते. आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न खाऊविषयीचा खचितच नव्हता.

नवी रीत रुजते का, या प्रश्नाला जवळचा अभ्यास ओव्हुल सेझर, मायकेल नॉर्टन प्रभृतींचा २०१६ सालचा. नाताळ, नववर्ष अशा दिवशी ज्या कुटुंबांत काहीतरी ठरावीक रीत होती, त्यांना तो दिवस अधिक आवडला आणि घरच्यांशी जवळीक अधिक जाणवली. लोकांनी सांगितलेल्या रीती परस्परांहून अगदी भिन्न होत्या, तरीही हे दिसले. म्हणजे काय करता यापेक्षा सगळे मिळून काहीतरी करता, याला वजन होते. हे सर्व निष्कर्ष पाश्चात्त्य कुटुंबांवरचे आहेत, हे लक्षात ठेवून वाचावे. स्पष्टवक्तींनी मांडलेला श्रमांचा मुद्दा मात्र मला या सगळ्यापेक्षा वजनदार वाटतो.

उत्तरेकडचा

स्टॉकहोममधून लिहीत आहे. इथे सुट्टी नसते, दिवाळी एखाद्या मंगळवारी येते आणि त्या मंगळवारी कार्यालयात बैठकही असते. त्यामुळे कोणती रीत टिकते याची परीक्षा परदेशात फार लवकर होते. करंज्या आमच्याकडे टिकल्या नाहीत, रांगोळी दाराबाहेरच्या सामाईक जिन्यात काढायची की नाही यावर गृहसंस्थेशी पत्रव्यवहार करण्याइतका उत्साह उरला नाही आणि धुराच्या सूचकयंत्रामुळे न्हाणीघराच्या दाराशी फुलबाजी लावणे अशक्य झाले.

अभ्यंगस्नान मात्र इथे भारतापेक्षा सोपे आहे, याची नोंद व्हावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. दिवाळी त्याआधी आली तर सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, लगेच नंतर आली तर सातच्या सुमारास. म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या स्नानासाठी शाळेच्या दिवशीच्याच वेळेला उठले तरी पुरते. पुण्यात आईच्या हाका ऐकूनही न उठणारा मी इथे धर्मशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे.

आमची घरापुरती रीत नवीन आहे आणि ती कुणी ठरवून काढली नाही. स्वीडनमध्ये ऑक्टोबरअखेर ते ६ नोव्हेंबर या दरम्यानच्या शनिवारी सर्व संतांचा दिवस पाळतात आणि संध्याकाळी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. शहराच्या दक्षिणेला पाइन वृक्षांच्या रानात एक विस्तीर्ण दफनभूमी आहे. युनेस्कोने १९९४ मध्ये तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. त्या रात्री तिथे हजारो दिवे असतात. मुलाने बालवाडीत या दिवसाबद्दल ऐकले आणि घरी येऊन विचारले की आपल्या आजीचा दिवा कुठे लावायचा. माझी आई धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी ठेवत असे. तो दिवा आम्ही इथे कधी केलाच नव्हता. त्या वर्षीपासून करू लागलो. दिवा खिडकीत लागतो, मुलगा होकायंत्र घेऊन दक्षिण शोधतो आणि आजीविषयीची एक गोष्ट मला सांगावी लागते. मुलगा आता मोठा झाला आहे, तरी होकायंत्राचा हट्ट सुटलेला नाही.

जाता जाता एक गंमत. स्वीडिश लोक नाताळाआधीच्या चार आठवड्यांत खिडकीत कागदी तारा लावतात. आमचा आकाशकंदील त्याच्या कितीतरी आधी लागत असल्यामुळे शेजारच्या आजीबाई दरवर्षी कौतुकाने विचारतात की यंदा इतकी घाई का.

पानापानावर

आमच्याकडे फराळाचा आग्रह नाही, दिवाळी अंकाचा आहे. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला हा जो रोग जडला, तो आमच्या घरात पुरता मुरला आहे. रीत अशी की अंक आणल्यावर सर्वांत वडील माणसाने अनुक्रमणिका मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाने एका मजकुरावर हक्क सांगायचा. तो मजकूर त्याने आधी वाचायचा आणि पाडव्याच्या जेवणाला इतरांना सांगायचा. काकांना गेली अनेक वर्षे राशिभविष्यच लागते आणि ते ते अत्यंत गांभीर्याने सांगतात. माझी भाची मराठी वाचत नाही, तिला व्यंगचित्रे दिली जातात. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

तुळशीवृंदावन

सर्वांचे मनापासून आभार. स्पष्टवक्ती, आपला प्रश्न टोचला आणि उपयोगीही पडला. काल रात्रीच्या जेवणानंतर सासऱ्यांना विचारले. इतकी वर्षे या घरात राहून मला जे ठाऊक नव्हते ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितले. अनारशांचे तांदूळ भिजत घालणे, रोज पाणी बदलणे, निथळून पंचावर पसरणे आणि कुटून चाळणे हे सगळे काम त्यांचे होते. सासूबाई पुढचे पाहत. हे काम ते पहाटे, आम्ही सगळे उठण्यापूर्वी करत आणि त्याची वाच्यता कुणी करत नसे. सासूबाई शेवटचे अनारसे मुद्दाम हसवत का, हेही मी विचारले. तसे काही नव्हते, असे ते म्हणाले. शेवटी शेवटी त्या थकत, तूप मंद होई आणि मंद तुपात अनारसा हसतोच. त्यांनी हे इतक्या तांत्रिक सुरात सांगितले की माझी शंका टिकू शकली नाही.

तांदळाचे काम यंदा करायला ते तयार आहेत. पाण्याचे भांडे उचलण्याचे काम मुलाकडे, कढईपुढे मी आणि यजमान आळीपाळीने. बाकीचा फराळ बचत गटाचाच राहील. आकाशकंदील, किल्ला यांबाबत यंदा काही ठरवणार नाही, एका वर्षी एक पुरे. मात्र अनारशांचे प्रमाण सासऱ्यांना तांदळापर्यंतच ठाऊक आहे. त्यापुढचे सासूबाईंच्या हाताला ठाऊक होते. कुणी खात्रीचे सांगेल का?

जुनीखोड

सांगते. तांदूळ जुना आणि जाडा घ्यावा, बासमतीसारखा सुवासिक नको. तीन दिवस भिजवावा आणि पाणी रोज न चुकता बदलावे, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरावा. हाताला ओलसर लागेल पण चिकटणार नाही इतपत वाळला की कुटून किंवा मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळावा. पूर्ण वाळू दिला तर पिठाला गूळ धरत नाही. पीठ जितके, तितकाच बारीक किसलेला गूळ, वजनावर मोजून. गूळ ओलसर असेल तर थोडा हात आखडता घ्यावा. चमचाभर तूप घालून घट्ट मळावे, गोळे करून डब्यात झाकून ठेवावे. पाच-सहा दिवस तरी मुरायला हवेत. म्हणजे दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी तांदूळ भिजलेले असावेत, हे सासऱ्यांना सांगून ठेवा.

तळायच्या दिवशी लागेल तेवढाच गोळा घेऊन मळावा. कोरडा वाटला तर दुधाचे काही थेंब किंवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा लावावा. सुपारीएवढी गोळी खसखशीवर थापावी आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडावी. अनारसा उलटायचा नसतो, वरून झाऱ्याने तूप उडवायचे असते. आच मध्यम असावी. बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवावा म्हणजे तूप निथळते आणि जाळी कुरकुरीत राहते.

पहिला अनारसा हसला तर घाबरून सगळ्या पिठात काही मिसळू नये. त्या वेळच्या गोळ्यापुरते चमचाभर तांदळाचे पीठ वेगळ्या वाटीत मिसळून पाहावे आणि मग पुढचा सोडावा. लहान कढई घ्या, एका वेळी एकच सोडा, आणि मुलांना उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका, कारण हसलेल्या अनारशाचे तूप फार उडते.